बिगर भट्टीची बिस्किटं

भागवत गेला त्या सालची ही दिवाळी, म्हणजे सन दोन हजार चोवीसची. होळीच्या आधी गंगाखेडच्या रस्त्यावर, ऊस वाहणाऱ्या बिनदिव्याच्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल अंधारात जाऊन आदळली. किशनरावांचा एकुलता एक मुलगा जागीच संपला. मागं राहिली त्याची बायको राजेश्री आणि अकरा वर्षांची भक्ती. त्यानंतर त्या घरात सण आले तसेच दारावरून निघून गेले. महालक्ष्म्या भावकीतल्या दुसऱ्या घरी बसल्या. पोळ्याचे बैल त्या दारापुढं थांबले नाहीत.

आणि मग दिवाळी आली.

त्या गावाकडं रीत अशी, की वर्षाच्या आत ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात दिवाळीला कढई चढत नाही. तळण नाही, पाक नाही, गोडाचं काही आपल्या चुलीवर होत नाही. सोयरेधायरे फराळाचे डबे आणून देतात आणि ते खायला कुणाची हरकत नसते. म्हणून लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळीच लीला गंगाखेडहून आली. किशनरावांची ही लेक भागवतपेक्षा मोठी. ताडकळसला एसटीतून उतरून, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ती घामाघूम होऊन ओसरीवर टेकली आणि पदरानं तोंड पुसता पुसता तिनं डबा उघडला.

“बापू, चकली घ्या की एक. लय कुरकुरीत झालीय. तुमच्या जावयाच्या हातात डबा दिला न्हाई म्हनून इथवर पोचलीय.”

“ठेव,” किशनराव म्हणाले.

“ठेव म्हंजे? खावा की. बरं, लाडू घ्या.”

“ठेव म्हनलं ना.”

लीला डबा घेऊन स्वयंपाकघरात आली ती फणफणतच. “माय, बापूंचं आता लय झालं. रीत मलाबी ठावं हाय. बाहेरून आल्यालं खायला कुठं मनाई हाय? मी काय इख कालवून आनलंय का?”

“न्हाई गं,” तिची आई, पार्वतीबाई म्हणाल्या. “त्यांच्या तोंडाला चवच न्हाई.”

चवीचं कारण नव्हतं, हे पार्वतीबाईंना ठाऊक होतं, आणि त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. भागवत गेला त्या संध्याकाळी किशनराव मानवतला एका साखरपुड्याला होते. कुणीतरी आग्रहानं त्यांच्या तोंडात पेढा घातला आणि तेवढ्यात फोन आला. फोन कानाला लावून ते उभे राहिले. ऐकता ऐकता तोंडातला पेढा थुंकावा हेही सुचलं नाही. तो त्यांनी गिळला. दहावं झाल्यावर त्यांनी हे बायकोला सांगितलं. “पोरगं गेल्याचं ऐकलं आन मी गोड गिळलं,” असं म्हणून त्यांनी तोंडावर उपरणं धरलं. मग म्हणाले, “हे कुनाला बोललीस तर तुला भक्तीची आण हाय.”

तेव्हापासून घरात साखरेचा चहासुद्धा त्यांच्यासमोर कुणी पीत नसे. लोकांना वाटे, म्हातारा रीतीला फार कडक आहे. पार्वतीबाई कुणाला काही सांगत नसत.

पण त्या दिवाळीत पार्वतीबाईंच्या जिवाला दुसराच घोर लागला होता. राजेश्रीचा भाऊ योगीराज मानवतला राहतो. राजेश्रीचं डी.एड. झालेलं होतं, आणि त्यानं तिच्यासाठी तिथल्या एका शाळेत जागा बघून ठेवली होती. हौदापाशी कपडे धुता धुता राजेश्री फोनवर बोलत होती, ते पार्वतीबाईंनी ऐकलं होतं. “दिवाळी होऊ दे. भाऊबीजेला ये, तेव्हा काय ते सांगते.” म्हणजे अजून तिचं ठरलेलं नव्हतं. राजेश्री गेली म्हणजे भक्ती गेली, आणि भक्ती गेली म्हणजे त्या घरात दोन म्हातारी माणसं एकमेकांकडं पाठ करून बसणार. पार्वतीबाई मनात एवढंच घोकत होत्या, की हे चार दिवस नीट जावेत, पोरीला इथं बरं वाटावं.

म्हणून दुपारी भक्ती जवळ येऊन बसली तेव्हा त्यांनी हातातलं निवडायचं सूप खाली ठेवलं.

“आज्जी, आपल्याकडं कढई नाही ना चढवायची?”

“न्हाई बाई.”

“तळायचं पण नाही?”

“न्हाई.”

“मग पप्पाच्या कुकीज करू? त्याला भट्टी नको, कढई नको, तेल नको. नुसतं कालवायचं आणि चमच्यानं ताटात ठेवायचं. आपोआप बसतात.”

लॉकडाऊनच्या साली भागवत घरात बसून मोबाइलवर बघून ते करायला शिकला होता. तेव्हापासून दर दिवाळीला तो बायकांना सांगायचा, की तुमचा फराळ तुम्ही करा, माझा फराळ मी आणि भक्ती करतो. पार्वतीबाई त्यांना बिगर भट्टीची बिस्किटं म्हणत. एकदा त्यांनी खाऊनही बघितली होती. कडसर लागली, पण त्यांनी चांगली झालीत असं सांगितलं होतं.

त्यांनी रीत मनातल्या मनात उलटून पालटून बघितली. कढई नाही. तळण नाही. भाजणं नाही. मग मोडलं काय?

“कर,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “पर आबाला दिसंल असं करू नको.”

फळीवरचा ओट्सचा पुडा आणि कोकोचा डबा काढायला राजेश्री पाटावर चढली. वरूनच तिनं विचारलं, “तुम्ही हो म्हणालात, आत्याबाई?”

“व्हय. लेकरू हाय. दिवाळी हाय.”

खाली उतरल्यावर राजेश्रीनं आपण होऊन लोण्याचं भांडं पुढं सरकवलं. शेंगदाण्याचं कूट घरात होतंच, ते तिनं मिक्सरला पुन्हा फिरवून तेल सुटेपर्यंत मऊ करून दिलं. पार्वतीबाईंना बरं वाटलं. असं तिघींनी एका कामाला बसणं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

“आता साखर, दूध, लोणी आणि कोको एकत्र करून गॅसवर ठेवायचं,” भक्ती म्हणाली. “खळखळून उकळी आली की मग ओट्स घालायचे.”

पार्वतीबाईंचा हात थांबला. “साखर उकळायची?”

“हो.”

“मग त्यो पाकच झाला की गं.”

“पाक नाही आज्जी, चॉकलेट आहे.”

“साखर इस्तवावर उकळली म्हंजे पाक. त्याला काय बी नाव दे.” त्या दाराकडं बघून आल्या. ओसरीवर किशनराव खाटेवर पडून होते. “असं करू. पातेलं गरम पान्यात ठिऊ. साखर इरघळली म्हंजे झालं.”

“पप्पा म्हणायचे, नीट उकळलं नाही तर बसत नाहीत.”

“बसतेत. रातभर ठिऊ तशीच.”

राजेश्रीनं एकदा सासूकडं बघितलं आणि आंघोळीचं कढत पाणी बादलीत काढलं. त्या बादलीत पातेलं ठेवून भक्तीनं ते ढवळलं. साखर विरघळली, काळं गुळगुळीत झालं, वासही आला. ओट्स आणि कूट घालून तिनं तूप लावलेल्या ताटात छोटे छोटे ढीग ठेवले. ताट झाकून देवघराच्या कोपऱ्यात, जिथं गार असतं तिथं सरकवलं.

पाडव्याला सकाळी लीलानंच पहिल्यांदा झाकण काढलं.

“अगं बया, हे काय? बिस्किटं हायत का अंगनातलं सारवन?”

ढीग रात्रीतून पसरून एकमेकांत मिसळले होते. बोट लावलं की काळं बोटाला येत होतं. लीला खळखळून हसली. तिचा इरादा वाईट नव्हता, तिला वाटलं पोरगीही हसेल. पण भक्तीनं ताट बघितलं आणि ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

“मी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “मी सांगितलं होतं, उकळायला पाहिजे.”

“रडायलीस कशाला? चमच्यानं खाऊ की.”

“पप्पाच्या बसायच्या.”

एवढं ऐकलं आणि राजेश्री पुढं झाली. तिनं ताटातलं सगळं खरवडून पातेल्यात घेतलं. वरून साखर घातली, दूध घातलं, लोण्याचा गोळा टाकला आणि पातेलं सरळ गॅसवर चढवून मोठी आच लावली.

लीलाचं हसू गेलं. “राजेश्री, काय करायलीस?”

“काल अर्धं राहिलं, ते पुरं करतेय.”

“पाडव्याच्या दिवशी? ह्या साली?”

“पाडव्याला मला कुणाला ओवाळायचंय, ताई? हात रिकामेच आहेत.”

“आन उद्या मला हाय व्हय कुनी?” लीलाचा आवाज चढला आणि तिथंच मोडला. “तुझा भाऊ यील. माझा कुठून आनू? मी ह्या साली चंद्राला ओवाळनार हाय.”

दोघी पातेल्याच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. वर्षानुवर्षांच्या नणंद-भावजया, आणि भागवत गेल्यापासून दोघींत धड चार शब्द झाले नव्हते. पातेल्यात बुडबुडे येऊ लागले. लीलानं नाक ओढलं, राजेश्रीच्या हातातला डाव काढून घेतला आणि म्हणाली, “हलव तरी. बुडाला लागंल.” आणि स्वतःच ढवळू लागली.

पार्वतीबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांना वाटलं, आता हे निभावलं. आता राजेश्री राहील.

पण साखर उकळल्याचा वास कुठं लपतो? तो ओसरीवर गेला. आधी खाट करकरली, मग चपलांचा आवाज आला, मग किशनराव दारात आले.

“कोन गोड करायलंय?”

लीलानं डाव सोडला. “मी तर आत्ताच आले इकडं, बापू,” ती म्हणाली आणि बाजूला झाली.

किशनरावांचा डावा हात तोंडावर गेला होता. लोकांना तो राग वाटला असता. पार्वतीबाईंनी तो हात ओळखला. दहाव्यानंतर उपरणं धरलेला हात तो हाच.

“माझ्या पोराला वर्ष व्हायचंय अजून,” ते म्हणाले. “ह्या घरात पाक करायला कुनी सांगितलं?” ते बायकोकडं वळले. “भागवतची माय, तू सांगितलंस का?”

राजेश्रीनंही पार्वतीबाईंकडं बघितलं. भक्तीनंही बघितलं. एका ‘होय’चं काम होतं. पण पार्वतीबाईंना समोर दुसरंच दिसत होतं. ह्या माणसानं ती गोष्ट जगात एकट्या त्यांनाच सांगितली होती. तीच बाई मागच्या दारानं साखर उकळायला सांगते, हे कळलं तर त्यानं कुणाकडं तोंड करून बसायचं?

“न्हाई,” पार्वतीबाई म्हणाल्या.

“आज्जी, तूच तर काल...” भक्ती बोलायला लागली.

“गप, भक्ती.” राजेश्रीनं पातेल्याखालची आच बंद केली. “मीच केलं, मामंजी. मला कुणी सांगितलं नाही.”

“भागवतच्या मागं तुला गोड गोड लागायलंय व्हय?”

बोलू नये ते बोलून ते ओसरीवर परत गेले. खाटेवर बसले नाहीत, सरळ रानाकडं चालू लागले. मग राजेश्रीनं ओट्सचा उरलेला पुडा पातेल्यात रिकामा केला, चमच्यानं एकेक ढीग ताटात ठेवला, आणि भक्तीला म्हणाली, “बघ, आता बसतील.”

बिस्किटं दुपारपर्यंत टणक बसली.

भाऊबीजेला योगीराज मित्राची जीप घेऊन आला. त्यानं किशनरावांना नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. राजेश्रीनं पाट मांडला, पण निरांजन लावायला तिचा हात धजेना. लीलानंच काड्यापेटी तिच्या हातात दिली.

“ओवाळ. मला बघवत न्हाई म्हनून तू थांबू नको. हाय तवर ओवाळून घे.”

योगीराज खाली मान घालून बसला. ओवाळून झाल्यावर त्यानं बहिणीला विचारलं, “मग? काय ठरवलंस?”

“बॅगा भरलेल्या आहेत,” राजेश्री म्हणाली.

पार्वतीबाई तिच्या मागोमाग आतल्या खोलीत गेल्या. “राजेश्री, त्यांचं बोलनं मनावर घेऊ नको गं. त्यांच्या डोस्क्याला ठिकाना न्हाई.”

“त्यांच्या बोलण्याचं नाही, आत्याबाई.” राजेश्री भक्तीच्या शाळेचे कपडे पिशवीत दाबत होती. “ते बोलणारच होते. मला माहीत होतं म्हणूनच मी गॅस लावला. पण मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही नाही म्हणालात.”

“त्याला कारन हुतं.”

“काय कारण?”

पार्वतीबाईंच्या तोंडाशी शब्द आले. पेढ्याचं सांगितलं असतं तर राजेश्री तिथंच खाली बसली असती, सासऱ्याला बोल लावला नसता, सासूलाही नाही. कदाचित पिशवीसुद्धा रिकामी केली असती. पण दारात भक्ती उभी होती, केसांना तेल लावून, नवी रिबीन बांधून, धडधाकट. आणि आण तिचीच होती. ज्या घरातून एक जीव असा रस्त्यावर गेला, त्या घरातल्या बाईनं उरलेल्या जिवाची आण मोडायची कशी?

“सांगा ना, आत्याबाई. काय कारण?”

“सांगता येत न्हाई मला.”

राजेश्रीनं पिशवीची चेन ओढली. “सात-आठ महिने बघितलं मी. तुम्ही दोघं एका बाजूला आणि मी एकटी. परवा दुपारी मला वाटलं, नाही, आत्याबाई माझ्या आहेत. तेवढ्यावर राहिले असते मी. आता कुणाच्या जोरावर राहू?”

पार्वतीबाई म्हणाल्या, “संक्रांतीला या.”

जीप सुरू झाली तेव्हा किशनराव ओसरीवरच होते. भक्ती त्यांच्या पाया पडली, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर काढला नाही. मग ती आजीकडं आली आणि एक लहान डबा तिच्या हातात दिला. “कुकीज आहेत. आबांना नको देऊ, ते चिडतात. तू खा.”

लीलाही त्याच जीपमधून ताडकळसपर्यंत गेली. जाताना ती माजघरात येऊन आईला म्हणाली, “माय, मी काल उगंच बाजूला झाले. डाव माझ्याच हातात हुता.”

“जाऊ दे,” पार्वतीबाई म्हणाल्या. “आपून दोघीबी बाजूला झालो.”

दिवेलागणीला पार्वतीबाईंनी भाकरी केल्या. नवऱ्यापुढं ताट ठेवलं आणि त्या समोरच बसल्या, एरवी बसत नसत तशा.

“त्या पोरीला मीच सांगितलं हुतं,” त्या म्हणाल्या. “बिस्किटं कर म्हनून. राजेश्रीचा काई गुन्हा न्हाई.”

किशनराव भाकरीचा तुकडा हातात घेऊन थांबले. “मला वाटलंच. तिनं तुझ्याकडं बगितलं तवाच वाटलं.”

“मग इचारलं कशाला?”

“तू न्हाई म्हनावं म्हनून.”

मग किशनरावांनीच विचारलं, “तिला पेढ्याचं सांगितलं असतंस, तर राहिली असती का गं?”

“राहिली असती.”

“मग का न्हाई सांगितलंस?”

“तुमी कुनाची आण घातली हुती?”

किशनरावांनी तुकडा ताटात ठेवला. “सुटली,” ते म्हणाले. “आण सुटली. घे, म्हनलं मी. सुटली.”

“आता सुटून काय करू? जीप गेली.”

“तू नको सांगू. मीच सांगतो. फोनवर न्हाई, समोर बसून सांगतो. मानवतला जाऊ आपून दोघं.”

ती कार्तिकाची सुरुवात होती. त्या आठवड्यात किशनरावांना ताप आला. तो उतरला तर खोकला राहिला. मग थंडी वाढली, आणि डॉक्टरनं एसटीचा प्रवास नको म्हणून सांगितलं. योगीराजचा फोन यायचा, भक्ती बोलायची, शाळेतलं सांगायची. किशनराव ऐकून घ्यायचे आणि प्रत्येक वेळी शेवटी विचारायचे, “तुझी माय हाय का तिथं?” राजेश्री फोनवर यायची. “बोला, मामंजी.” मग किशनराव म्हणायचे, “काई न्हाई. बरी हायस ना?” आणि फोन पार्वतीबाईंच्या हातात द्यायचे.

पार्वतीबाई एकदा म्हणाल्या, “सांगून टाका की फोनवरच. न्हाईतर मी सांगते.”

“न्हाई. तिच्या तोंडाकडं बघून सांगायचंय मला. मी तिला नको ते बोललो. ते फोनवर फिटत न्हाई.”

संक्रांतीला जायचं पक्कं झालं. लीलाच्या नवऱ्यानं गाडी आणायचं कबूल केलं. किशनरावांनी धोतर धुवून इस्त्रीला दिलं, गावातल्या न्हाव्याकडून दाढी करून घेतली. आदल्या रात्री जेवताना ते पार्वतीबाईंना विचारत होते, की आधी काय बोलावं, पेढ्याचं की त्या दिवशीच्या बोलण्याचं. पार्वतीबाई म्हणाल्या, “आधी नुसतं बसा तरी तिच्याजवळ.”

भोगीच्या दिवशी, तेरा जानेवारी दोन हजार पंचवीस, सोमवारी पहाटे किशनराव झोपेतच वारले. त्यांचं मानवतला जाणं राहून गेलं.